यंत्रानं धरली जुन्या गावची वाट

शनिवार, दिवेलागण

आधी आली शेजारीण रुक्मिणी, नवी सून बघायला. ज्यांची वाट बघून माझी कंबर मोडली ते, नातू संदीप अन् त्याची बायको, लई उशिरा आले. लातूरहून निघताना मोटारसायकलच्या हँडलला जीपीएस का काय, रस्ता सांगणारं यंत्र बसवलं म्हणं.

संदीप म्हणला, "आजी, त्यानं जुन्या गावात नेलं! नुस्ते दगड अन् एक चिंच."

भूकंपानंतर गाव इकडं हललं, हे यंत्राला ठाऊकच न्हाई. रुक्मिणी म्हणली, "यापरीस आपला पोस्टमन शहाणा!"

मी हसले. पण चिंच... ती मीच लावलेली, दारात. माझे मालक भूकंपात तिथंच दबले, तवापासून मी तिथं पाऊल टाकलं न्हाई.

"बसशील गाडीवर मागं, चिंच बघायला?" संदीपनं इचारलं.

हाव म्हणले. चिंच हाय अजून! बुधवारी मला तिथं न्यायला येतो म्हणलाय.