नांदायला जायच्या अटी

९ नोव्हेंबर, आसगाव
एप्रिलनंतर एक ओळ लिहिली नाही. स्वतःचीच माफी मागते. लिहायला बसले की नवऱ्याबद्दल, विलासबद्दल जे शब्द यायचे, ते दुसऱ्या दिवशी वाचण्यालायक नसते.

मधलं थोडक्यात. परीक्षेच्या कामामुळे कॉलेजातून यायला उशीर झाला. विलासने फाटकाला कुलूप लावलं होतं. शेजारी ऐकत उभे. म्हणाला, "घर माह्या नावचं हाय. जा भावाकडे." आले भावाकडे. तेव्हापासून मिलिंदच्या घरी. रोज पवनीवरून लाखांदूरला कॉलेजात, तास घेऊन परत. विनाअनुदानित तुकडी, पगार येईल तेव्हा येतो.

लाखांदूरच्या त्या घराची जागा त्याची. स्लॅब टाकला तेव्हा दागिने माझे विकले गेले. कागदावर मी कुठेच नाही.

आज त्याचा निरोप आला. समझोता करायला तयार आहे.

१२ नोव्हेंबर
विहारात बैठक झाली. विलासकडून बोलले त्याचे मोठे भाऊ. भासरे धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत, रीत आहे. मी समोर बसलेली, आणि ते मिलिंदला सांगतात, "तुमच्या बहिणीले सांगा, नांदाले याचं तं चांगल्या मनानं ये. घराचे कागद कायले मांगते?"
मी म्हटलं, "दादाजी, मला ऐकू येतं."
दोघं-तिघं हसले. भासरे मिलिंदकडेच पाहत राहिले.

माझी अट एकच. घर दोघांच्या नावावर. पुन्हा कुणी मला फाटकाबाहेर ठेवू नये.
विलास म्हणाला, "मंग तूबी लिहून दे. पुन्हा गेलीस तं पोटगी मांगायची नाही, कोर्टात जायचं नाही."
सगळ्यांना हे बरोबरीचं वाटलं. मलाही वाटलं, खरं सांगायचं तर. त्याने एक द्यावं, मी एक.
मसुदा ठरला. सात कलमं. माझं लिहून देणं चौथं.

येताना मिलिंद म्हणाला, "ताई, लग्नातच एवढे कलम लिहिले असते तं जेवण थंडं झालं असतं." हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१६ नोव्हेंबर
भंडाऱ्याला गेले. वकीलबाई माझ्याहून लहान, बोलायला स्पष्ट.

नवरा-बायकोला लग्नानंतर करार करता येतो. खर्च कोण करणार, कुठे राहायचं, कुणाची कोणती मालमत्ता, सगळं लिहिता येतं. पण घराचा अर्धा हिस्सा 'देईन' असं लिहिल्याने मिळत नाही. त्याने बक्षीसपत्र करून रजिस्ट्री ऑफिसात नोंदवलं तरच. "ते आधी करून घ्या. करारावर सही नंतर."
नोटरीचं विचारलं. "नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढं सिद्ध होतं. आतलं बरोबर आहे असं नाही. शिक्का गोल असला की लोकांना पटतं, बस."
मग कलम चार. त्यावर त्यांनी पेन आडवा ठेवला. पोटगीचा हक्क असा आधीच सोडून देता येत नाही. कोर्टात जाणार नाही, हेही लिहून घेता येत नाही. कोर्ट ते कलम धरतच नाही.
"म्हणजे मी सही केली तरी?"
"करा ना. काही बिघडत नाही."

बसमध्ये आधी आनंद झाला. पवनी येईपर्यंत गेला.

१७ नोव्हेंबर
म्हणजे तो मला खरं घर देणार आणि मी त्याला खोटं वचन देणार. त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. ही फसवणूकच.
त्याची कीव येत नाही. कुलुपाचा आवाज अजून कानात आहे. पण मी मुलांना राज्यशास्त्र शिकवते. करार म्हणजे दोघांना सगळं माहीत असून दिलेली संमती, हे मीच फळ्यावर लिहिते.
मिलिंदला सांगितलं. तो चिडला. "त्यानं तुले रस्त्यावर काढलं, अन् तू त्याले कायदा समजावून सांगशीन?"
बरोबर आहे त्याचं. तरी...

१९ नोव्हेंबर
विलासला फोन केला. बोलले तसं लिहिते, नंतर मनात बदलू नये म्हणून.

"कलम चार कोर्टात चालत नाही. सही करण्याआधी तुला माहीत असावं."
"माहीत हाय मले. वकिलानं सांगतलं."
"मग ठेवलं कशाला?"
"कोर्टाले कोन दाखवते? तुले दाखवीन ना. जास्त बोलली का कागद काढीन. पाह्य, तुह्या हातानं लिहिलं हाय."
"आणि ते कलम वगळलं तर?"
"मंग घरबी नाही. तुह्यी मर्जी."
मागून भासऱ्यांचा आवाज आला, "एक झेरॉक्स मले लागन म्हना." या वेळी मिलिंद नव्हता मध्ये, म्हणून नवऱ्याला सांगत होते.
मी फोन ठेवला.

याच माणसाला आपण फसवतो आहोत का म्हणून मी दोन दिवस नीट जेवले नाही. चीड त्याची येते, त्याहून माझी.

२१ नोव्हेंबर
वकीलबाईंशी फोनवर. त्यांचं तेच. "मॅडम, बक्षीसपत्र नोंदलं की घर तुमचं. त्या ओळीला काडीची किंमत नाही." मिलिंद म्हणतो, "कागद खोटा, घर खरं. कर सही, मोकळी हो." दोघंही माझ्या भल्याचंच सांगतात. खोडून काढता येईल असं त्यात काही नाही.

पण ती ओळ जिथे चालेल त्या घरातच मला राहायचं आहे. भाजीत मीठ कमी पडलं की तो कागद निघेल, माहेरी जायचं म्हटलं की निघेल. तिथे न्यायाधीश नाही. आणि अक्षर माझं.

उलट बाजूही लिहायला हवी. नाही म्हटलं तर अर्धं घर गेलं, आणि ते पुन्हा कुणी देऊ करणार नाही. भावाची एक खोली माझ्याकडे गेली आहे. वहिनी काही म्हणत नाही. न म्हणणं मला कळतं. हा माझा मान आहे की नुसता हट्ट? दोन्ही असेल. सध्या वेगळं करता येत नाही.

संध्याकाळी मसुदा पुन्हा उतरवून काढला. सहा कलमं, चौथं गाळून. बक्षीसपत्राची तारीख रिकामी ठेवली, ती त्याने भरायची.

उद्या: हा मसुदा विलासच्या दुकानात स्वतः नेऊन देणे.