वीतभर पुढची रेघ

४ मार्च
आमचा फुटबॉल क्लब बुडणार. मोठ्या क्लबात विलीन म्हणे! चिटणीस सकाळीच मैदानावर हजर — "चाळीस वर्षं रेघा मारताय तुम्ही. क्लबचा इतिहास तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" म्हटलं, मला फावडं द्या, पेन नको. ऐकतील तर चिटणीस कसले!

५ मार्च
बसलो बुवा लिहायला. सुरुवात चौथ्या गटात — अकरा खेळाडू, आठ जोड बूट. मग तिसरा, दुसरा. एकतीस वर्षांपूर्वी पहिल्या गटात गेलो, सहा वर्षं टिकलो. मग संघटनेने गट मोडून लीग काढली — आम्ही खाली. लीगचं नाव बदललं — आम्ही आणखी खाली. नावं लांबत गेली, प्रेक्षक आटत गेले.

पहिल्या गटात नेणाऱ्या सामन्यापाशी हात अडला. वही मिटली.

९ मार्च
नातीच्या वाढदिवसाला व्याही आले, सुनेचे वडील. त्या सामन्यात समोरचे गोलकीपर तेच. चेंडू त्यांनी धरला होता, पण लाइन्समनने झेंडा दाखवला — गोल! त्यानंतर त्यांनी हातमोजे घातले नाहीत. "खांदा खांबाला टेकला होता हो माझा, चेंडू पुढेच होता!" हे मी मुलांच्या लग्नाआधीपासून ऐकतोय. सगळे हसतात. मीही हसत आलो. त्यांच्याच संघात बचावाला असलेला त्यांचा धाकटा भाऊ लग्नालाही आला नव्हता. आम्ही कधी विषय काढला नाही.

आज कुणी चिडवलं, तर हळूच म्हणाले, "गेलाच असेल आत. इतके लोक खोटं कसं बोलतील?"

मी ताट सारून उठलो.

१० मार्च
लिहूनच टाकतो. सामन्याच्या आदल्या दिवशी मी कुजलेले खांब काढून नवे पुरले. जुने खड्डे ढासळले होते, म्हणून वीतभर मागे. आणि रेघेची दोरी? ती सवयीने जुन्याच खुंट्यांना बांधली! गोलची रेघ खांबांच्या वीतभर पुढे पडली. चेंडू रेघेच्या मागे होता, पण खांबांच्या पुढे. व्याही बरोबर होते.

चिखलात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या सकाळी खुंट्या उपटताना मला दिसलं. सगळा क्लब गुलालात न्हाल्यासारखा खूश. मी ती रेघ खरवडली, नवी मारली, तोंड शिवलं.

भित्रा मी. दुसरं काय?

१४ मार्च
व्याह्यांना मैदानावर बोलावलं. दोरी बांधून सगळं दाखवलं. ते रेघेकडे बघत राहिले, मग खांबाला खांदा टेकवून उभे. म्हटलं, शिव्या द्या, दोन थोबाडीत मारा. चहा न घेता गेले.

१५ मार्च
त्या सामन्याचं पान लिहून चिटणीसांना दिलं. "अहो, हे छापायचं?"

हेच छापायचं.

१६ मार्च
व्याह्यांचा फोन. "सामन्यानंतर धाकटा म्हणाला होता, दादा, गोल होता, मी रेघेपाशीच होतो. घराबाहेर काढलं मी त्याला. पुन्हा बोललो नाही. त्याने रेघ बघितली, मी खांब. दोघंही खरंच बोलत होतो हो."

म्हटलं, चला, आत्ता जाऊ त्यांच्याकडे. मी सांगतो. पाया पडतो.

"गेल्या वर्षी गेला तो."