पहिली वाटी

अक्कास,

तुझ्या उनाड बहिणीचा रस्त्याच्या कडेवरून साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे बसूनच घातलाय, चालवून घे.

तू म्हणालीस, परदेशात हॉटेलातलं खाऊ नकोस. नाहीच खाल्लं गं! लेक-जावयाला परवडतं ते गाडीवरचंच खातो, काचेच्या उंच इमारतींखाली, बुटक्या स्टुलावर बसून. झणझणीत, चुरचुरीत, काय काय! पोट ठणठणीत आहे.

काल मात्र गंमत झाली. गाडीवालीने शेवयांची वाफाळती वाटी माझ्या हातात दिली, ती मी जावयांपुढे सरकवली. दुसरी लेकीला. तिसरी शेजारच्या परक्या माणसाला! तो बिचारा जेवून तोंड पुसत होता. लेक म्हणाली, "आई, इथे पंगत वाढायला आलीस का?"

गाडीवालीला आपली भाषा कळेना, पण रोग कळला. पुढची वाटी माझ्यापुढे ठेवून ती झारा उगारून उभी राहिली, मी खाईपर्यंत. सासूबाईंनाही मी इतकी भ्याले नव्हते!

अक्का, जीभ पोळली. गरम खायची सवयच कुठे राहिलीय? हे गेल्यापासून घरात एकटी मी, तरी अन्न गार झाल्यावरच जेवते. कुणाची वाट बघते, देव जाणे.

आणि तुला परवा चक्कर आली ती उन्हाने नव्हे. सगळ्यांचं उरकून उरलंसुरलं खातेस, दुसरं काय! आज तव्यावरची पहिली पोळी तू खा. भावोजी बघत राहिले तर राहू देत.

नाहीतर येताना झारा घेऊन येते.

तुझी,
जीभ पोळलेली धाकटी