वाघरीचं दार

प्रिय जोतिबा,

आजीचे अनेक आशीर्वाद. मी इकडं कुपवाडात बरी आहे, गुडघे सोडून. गुडघ्यांची खुशाली त्यांनाच विचार, ते माझं ऐकत नाहीत. हे पत्र मी सांगते आहे आणि शेजारची मंगल लिहिते आहे. तिला बजावलंय, तोंडातून पडेल तसं उतरव म्हणून. पण ती शाळा शिकलेली. मी एक शब्द सांगते, ती त्याला इस्त्री करून बसवते. तेव्हा मधे कुठं आजी शहाण्यासारखी बोललेली दिसली, तर ते मंगलचं समज. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू जेवलीस का, गोळी घेतलीस का, घड्याळ चार्जिंगला लावलंस का, एवढं विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत "चल आजे, मीटिंग हाय" म्हणतोस. पत्राला मीटिंग नसते.

आधी तुझ्या घड्याळाचं सांगते. तू मनगटाला बांधून गेलास, त्यात वेळ सोडून सगळं दिसतं. नकाशात तू आपल्या घराभोवती एक गोल रेघ मारलीस म्हणे. त्या रेघेबाहेर माझं पाऊल पडलं की तिकडं साताऱ्यात तुझा फोन ओरडतो, आणि इकडं माझ्या मनगटातून तू ओरडतोस, "आजे, कुठं निघालीस? फिर माघारी!" रस्त्यातली माणसं थांबून बघतात. परवा भाजीवाली विचारती कशी, "मावशी, तुमच्या हातात कोण कोंडलंय?" मी म्हटलं, नातू.

तुझी रेघ तू बोटानं ओढलीस, मला ती पायानं शोधायला लागली. पिठाच्या गिरणीपर्यंत घड्याळ गप असतं. चहाच्या गाड्याच्या अलीकडं गप, पलीकडं बोंब. फाउंड्रीची भिंत संपते तिथं तर भिंतीच्या टोकाला हात लावता येतो, पण टोक ओलांडता येत नाही. आणि नेमकी त्याच्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटात बिरूची मेंढरं बसतात. बिरू म्हणजे माझा भाचा, तुला तो कडेवर घेऊन हिंडलेला आहे. वारा तिकडचा असला की घंटा ऐकू येतात, मेंढरांचा वास येतो. आटपाडीपासनं कृष्णेच्या काठापर्यंत ज्या बाईनं सगळा जन्म पायी काढला, ती आता चहाच्या गाड्यापाशी उभी राहते आणि बिरूची बायको पलीकडून तिला भेटायला येते. तुरुंगात भेटायला येतात, तशी. ती भाकरी आणते. मी रेघेच्या आत उभी राहून खाते.

आणि घड्याळ मोजतं त्या माझ्या पावलांचं कौतुक तू जरा बेतानं करत जा. गेल्या महिन्यात फोनवर केवढा खूश झाला होतास, "आजे, लय चालायला लागलीस की!" ती मी नव्हे. ती मंगलची शेळी. तिच्या गळ्यात घड्याळ बांधून तिला परड्यात सोडलं आणि मी भिंतीच्या टोकापलीकडं जाऊन आले. तुझं कौतुक मी शेळीला पोचवलं, तिनं कान हलवला. मंगल म्हणते हे लिहायला नको. लिही म्हटलं. मेंढरांत बसले, त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला, पण खरं सांगते जोतिबा, चोरून गेलं की मन लागत नाही. सारखं वाटत होतं, आता शेळी कुठंतरी अडकली असंल आणि तिकडं तू घाबरला असशील.

तुझा हा कंप्युटरचा नाद कुठं सुरू झाला ते मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्या बापानं, माझ्या नानासोनं, वर्कशॉपच्या ऑफिसातनं काढून टाकलेला कंप्युटर स्कूटरवर पुढं उभा करून घरी आणला होता. तू त्याच्याभोवती असा फिरत होतास, जशी काही गाय व्यालीय. दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावलं, तू ओरडलास, "आजे, बटणांवर नको!" वीज गेली की खालचा बॅटरीचा डबा टिटवीसारखा टी टी करायचा आणि तू भाकरी टाकून पळायचास. धूळ बसते म्हणालास, म्हणून मी आपली चांगली काळी घोंगडी त्याच्यावर घातली. पंधरा दिवसांत तो तापून बंद पडला. नानासोला वाटलं, गेला आता भंगारात. तू पान्हा घेऊन बसलास आणि उघडलास. आतल्या पंख्यातनं एवढी लोकर निघाली की नानासो म्हणाला, "आये, मेंढरू कातरलंस व्हय गं?" सगळी हसली, तू हसला नाहीस. तू आत बघत होतास. तोंड असं झालं होतं, जसं काही कुणी तुला नवं गाव दाखवलंय. दुपारपर्यंत तो चालू झाला. तेव्हापासून तू जो त्यात शिरलास तो शिरलासच.

आता साताऱ्याच्या तुझ्या घरात तसले जुने कंप्युटर भिंतीला लावून ठेवलेत म्हणे. शाळांनी टाकलेले, बँकांनी टाकलेले, तू सगळ्यांना परत जिवंत करतोस. लोक विचारतात, नातू काय करतो? मी सांगते, मेलेल्यांना उठवतो, त्यातनं वेळ मिळाला तर नोकरी करतो. तू स्वतःच म्हणतोस, "मी कंप्युटरचा किडा हाय आजे." असशील बाबा. पण किडा धान्यात पडला तरी पाखडलं की बाहेर येतो. तुला कोण पाखडणार?

मंगलचा नवरा पप्पू इथनं साताऱ्याला टेम्पोनं माल नेतो, त्याच्याबरोबर मी तुला चटणी पाठवते. तो मला काही सांगत नव्हता. मीच खोदून काढलं. तू दार उघडत नाहीस. आतनं म्हणतोस, "पप्पूदादा, ठेव तिथंच." मागच्या खेपेला त्यानं बरणी ठेवली, तर आधीची बरणी तिथंच होती. दाराबाहेर तुझ्या चपला आहेत, त्यांच्यावर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. अजिंक्यतारा दिसतो म्हणून ते घर घेतलंस ना? खिडकीला काळा पडदा आहे, खालनं दिसतो. मग मला कळलं, माझं पाऊल रेघेबाहेर पडलं की तू लगेच कसा बोलतोस. सकाळी बोलतोस, भर दुपारी बोलतोस, सणाला बोलतोस. कधीच उशीर होत नाही. ज्याला बाहेर जायचं असतं, त्याला कधीतरी उशीर होतो.

रेघ का आली, ते मला माहीत नाही असं समजू नकोस. नानासो ड्यूटी सुटल्यावर गाडीवर निघाला, छातीत कळ आली म्हणून मिरजेच्या रस्त्याला चिंचेखाली गाडी लावून बसला, आणि तिथंच राहिला. जाणारी-येणारी म्हणाली, माणूस सावलीला टेकलाय. तू साताऱ्याहून फोन करत होतास, फोन त्याच्या खिशात वाजत होता. दिवस मावळेपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हतं तो कुठं आहे. तुझ्या डोक्यात काय बसलं असंल ते मी समजू शकते. माझा तर लेक होता. पण तू मातीला आलास तो शेवटचा. वर्षश्राद्धाला आला नाहीस. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यात तू हात जोडलेस. भटजी तुला म्हणाले, जरा पुढं सरका. कावळा शिवला तेव्हा तुझं चित्र अडकलं होतं, हात जोडलेलेच. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढनं जात नाही.

एक जुनी गोष्ट आठव, नानासो वर्कशॉपला लागायच्या आधीची. सांगलीच्या बोर्डिंगात होतास, पाचवीला की सहावीला. आम्ही मेंढरं घेऊन त्या बाजूनं चाललो होतो, मी भाकरी घेऊन तुला बघायला आले. कंप्युटरच्या खोलीत मला कोण घेतंय? माझ्या अंगाला मेंढरांचा वास. मी बाहेर खिडकीपाशी उभी राहिले, तरी वहाणा काढून ठेवल्या, तुम्ही सगळी काढून बसला होता म्हणून. तू पडद्यावर एक कासव दाखवलंस. कासव कसलं, बाणाच्या टोकाएवढं तिकोनी काहीतरी. तू आकडा मारशील तेवढं चालायचं आणि पोटाखाली पेन बांधल्यासारखं मागं रेघ सोडायचं. तू म्हणालास, "आजे, बघ तुझी वाघर." आणि मेंढरांभोवती आपण जाळी लावतो तशी चौकोनी रेघ त्या कासवाकडनं ओढून घेतलीस. आत ठिपके घातलेस, ती मेंढरं. मास्तर सुद्धा मान हलवत होते. मी विचारलं, दार कुठाय?

तू म्हणालास, हे चित्र हाय गं. मी म्हटलं, असू दे चित्र, पण सकाळी मेंढरं बाहेर कुठनं काढायची? लांडगा आत येऊ नये म्हणून वाघर लावतात, हे खरं. पण जिला सोडायची जागाच नाही, त्या वाघरीत मेंढरू लांडग्यावाचून मरतं. तुझं तोंड पडलं. मला वाटलं, उगीच बोलले. तू परत बसलास, बराच वेळ काहीतरी बडवत राहिलास, आणि कासव पुन्हा चालायला लागलं. एका जागी ते चाललं, पण मागं रेघ उमटली नाही. तू खिडकीकडं पळत आलास. "आजे, पेन उचलला की दार होतं!"

आता हे पत्र का, ते सांगते. आज सकाळपासनं तुझा फोन ओरडत असणार, आजी रेघेबाहेर, आजी रेघेबाहेर. तू घड्याळातनं हाका मारल्या असशील, मी "पप्पूबरोबर तुझ्याकडंच येतेय" एवढं सांगून बहिरी झाले असेन. ते सोंग मला छान येतं. मग तुझ्या नकाशात माझा ठिपका मलकापूर, कराड करत वर सरकत आला असेल, आणि आत्ता तो तुझ्या दारात आहे. म्हणून तर तू दार उघडलंस. दारात पप्पू आहे, त्याच्या हातात घड्याळ आणि हे पत्र. मी नाही. मी खाली रस्त्यावर, टेम्पोपाशी आहे. तुमच्याकडं लिफ्ट आहे, मला ठाऊक आहे, पण मी वर येणार नाही. वर आले की तू चहा करशील, पडदा ओढशील, आणि आपण दोघं कोंडले जाऊ. तू खाली ये. घड्याळ तिथंच राहू दे, आज तुझ्याबरोबर चालायला कुणाचा ठिपका लागत नाही. बिरू दोन दिवसांत मेंढरं हलवणार आहे, त्याच्या आत मला तिकडं ने, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं. आणि वाटेत त्या चिंचेखाली जरा थांबू. मीही अजून तिथं गेलेली नाही, तुझ्यासाठी थांबलेय. टेम्पोत तिघं बसतात, पप्पूला विचारून ठेवलंय. चपला झटकून घाल. बरण्या वरच राहू देत, त्यातली चटणी उतून खराब झाली असंल. आणि आता वाचत उभा राहू नकोस रं, इथं ऊन लागतंय.

खाली वाट बघत उभी असलेली, तुझीच
हरणाआजी