फक्त गिऱ्हाईकांचे कॉल

हुपरी,
१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी लवकर स्वयंपाक करून ठेवला. एसटीनं कोल्हापूरला गेले. राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात काम होतं, ते केलं आणि दुपारी परत आले. आईंना चहा दिला. आता लिहायला बसले आहे.

अहो,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहितात हे मला माहीत आहे. आज लिहिणार नाही.

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा भांडले नव्हते. गेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं, असं वाटायचं. पण काल तुमच्या फोननं आपल्या चांदीच्या कारखान्यात सगळ्यांसमोर माझं तोंड उघडलं, आणि मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

काल सांगलीचे एक व्यापारी आले होते. त्यांचं म्हणणं, पैंजणांना घुंगरं दाट लावायची असं तुमच्याशी फोनवर ठरलं होतं. भाऊजींचं म्हणणं, असं काही ठरलं नव्हतं. दोघांचेही आवाज चढले. तेव्हा भाऊजी, म्हणजे तुमचे धाकटे बंधुराज, म्हणाले, "थांबा पावणं. दादा सगळं रेकॉर्ड करत हुता. त्याच्याच तोंडनं ऐका." तुमचा फोन त्यांच्याकडेच होता. गिऱ्हाईकं त्याच नंबरवर फोन करतात, म्हणून मीच त्यांना दिला होता.

त्यांनी स्पीकर लावला. आणि त्यातून माझा आवाज आला.

"तुमच्या आई मला माणसात धरत नाहीत. तुम्ही त्यांना एका शब्दानं बोलत नाही. राजारामपुरीत दोन खोल्या बघा, नाहीतर मी इथंच राहते."

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नृसिंहवाडीला माहेरी होते ना, तेव्हाचा तो फोन. मी गच्चीवर जाऊन केला होता, खाली कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून! मी रडत होते, तेही काल सगळ्यांना ऐकू आलं.

बोट चुकून पडलं असेल, ते मी धरत नाही. पण बंद करायला किती वेळ लागतो? भाऊजींनी बंद केलं नाही. तुमचं "बरं बरं, बघतो" येईपर्यंत वाजू दिलं. मग म्हणाले, "एवढं हुतं व्हय वहिनी मनात? आन् आम्ही समजत हुतो, आमची वहिनी म्हंजे गरीब गाय!" कारागीर मान खाली घालून कड्या जोडत राहिले. ते व्यापारी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघायला लागले. आणि दारात तुमच्या आई उभ्या होत्या.

मला वाटलं, आता संपलं सगळं. इतक्या वर्षांनी आमचं जरा जमत आलं होतं.

आई आत आल्या आणि म्हणाल्या, "का रं थांबलास, विज्या? आता माझं लाव की. मीबी दादाला फोन करून हिच्याबद्दल काय काय सांगत हुते. हिनं एकटीनंच का म्हून ऐकून घ्यायचं? लाव!"

आईंनी भाऊजींच्या हातातला फोन ओढून घेतला आणि माझ्या ट्रेमध्ये कपांच्या मधोमध ठेवला. "नवरा हिचा. फोन हिच्याकडं ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. "राजारामपुरीत खोल्या बघणार हुतीस व्हय? मग मलाबी न्यायची की गं. हितल्या भट्टीच्या धुरातनं सुटले असते." आणि हसल्या. मीही हसले. तुमच्या आईंनी त्यांच्यापुरता विषय संपवला. माझा संपलेला नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भाऊजींशी आहे ते अर्धं आहे. उरलेलं सगळं तुमच्याशी आहे.

तुम्हाला हे खूळ कसं लागलं ते मला चांगलं आठवतंय. गिऱ्हाईक फोनवर एक सांगतं आणि माल बघितल्यावर दुसरंच म्हणतं, म्हणून. आधीच्या फोनमध्ये एक ॲप होतं, ते बरं चालायचं. नवा फोन घेतला आणि त्या ॲपमध्ये फक्त तुमचाच आवाज यायला लागला. "हां शेठ. व्हय शेठ." समोरच्याच्या जागी नुसती शांतता. मग तुम्ही फोनमधलंच रेकॉर्डिंग सुरू केलं, तर त्यातली बाई आधी दोन्हीकडे सांगायची की कॉल रेकॉर्ड होत आहे. कागलचे गिऱ्हाईक तुम्हाला म्हणाले होते, "पावणं, ही कोण बाई मधीच बोलतीया? आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?" किती हसलो होतो आपण!

मग तुम्ही कोल्हापूरला त्याच राजारामपुरीतल्या दुकानात जाऊन फोन रूट करून आणला. रूट म्हणजे काय, मी विचारलं. कंपनीनं घातलेलं कुलूप काढायचं, असं तुम्ही समजावलंत. त्यानंतर ती बाई गप्प झाली. दोन्ही बाजूंचे आवाज यायला लागले आणि समोरच्याला काही कळेनासं झालं. पैसे पाठवायचं ॲप तेवढं त्या फोनवर चालेना, म्हणून तुम्ही माझा फोन मागून न्यायचात. तेव्हा मी विचारलं होतं, "माझेपण कॉल रेकॉर्ड होतात का?"

"वेडी का काय! अगं, फक्त गिऱ्हाईकांचे."

असं म्हणाला होता तुम्ही. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा?

आज एसटीत खिडकीशी बसून मी तो फोन उघडला. त्यात माझं नाव 'घर' असं आहे. घर, घर, मधे एखादा व्यापारी, परत घर. खाली सरकवत गेले तरी संपेना. येताना कोथिंबीर आणा, हेही आहे. आणि माझ्या तपासणीनंतर डॉक्टर काय म्हणाले, जे मी जगात फक्त तुम्हाला सांगितलं, तेही आहे. भाऊजींनी ते ऐकलंय का? मला कळायला मार्ग नाही. आता मी त्यांना जेवायला वाढताना प्रत्येक वेळी तेच मनात येणार. हे तुम्ही करून ठेवलंत!

मी बोलणारी बाई नाही. समोर बसून मला काही सांगता येत नाही, शब्द घशातच राहतो. फोनवर मात्र यायचा, कारण समोर चेहरा नसायचा. हे लग्नानंतर मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होता, मग फोनवर बोल, घरातल्या घरात फोन कर. आणि मी करायचे! माडीवरून खाली कारखान्यात करायचे, आणि तुम्ही घेऊन बाहेर जायचात. मला बोलायला तेवढी एकच जागा होती. नेमकं तिथंच तुम्ही मशीन लावून ठेवलंत?

मी म्हटलं, जाऊ दे. रूट केल्यावर सगळ्यांचेच होत असतील, तुमच्या हातात नसेल. कोल्हापूर जवळ येईपर्यंत मी तुमची बाजू घेत होते. मग लक्षात आलं. त्यात भाऊजींचा कॉल नाही. एकही नाही! तुम्ही दोघे भाऊ दिवसातून दहा वेळा बोलायचात. सगळं धुंडाळलं. नाही म्हणजे नाहीच.

भाऊजींना रेकॉर्डिंगचं कळलं होतं तेव्हा ते अंगणात ओरडले होते, "दादा, माझं रेकॉर्ड केलंस तर फोन पंचगंगेत टाकीन, सांगून ठेवतो!"

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारलं. एका माणसाचं बंद ठेवता येतं का?

दुकानदार म्हणाले, "येतं की वहिनी. हे बघा, हितं नाव घातलं की झालं. सायबांनी माझ्याम्होरंच भावाचं घातलं हुतं."

म्हणजे येत होतं. जो ओरडला त्याचं नाव तुम्ही घातलंत. जिनं हळू विचारलं, तिला वेडी म्हणालात. माझं नाव घालायला काय लागलं असतं? की मी कधी ओरडणार नाही, याची खात्री होती तुम्हाला?

मी दुकानदारांना म्हटलं, माझे सगळे काढून टाका. ते म्हणाले, ह्याची कॉपी इंटरनेटवर पण असते, तीबी काढतो. आणि मग हात थांबवून म्हणाले, "वहिनी, इचार करा. सायबांचा आवाज हाय त्यात. तुमच्याशी बोललेला. परत कुठनं आणणार?"

मला काय ते कळत नव्हतं? एसटीत मी एकच कॉल कानाला लावून ऐकला होता. अर्धाच. तुम्ही मला 'सुजा' म्हणत होता. चार माणसांत कधी म्हटलं नाहीत, फोनवरच म्हणायचात.

मी म्हटलं, "काढा. गिऱ्हाईकांचे तेवढे राहू द्यात."

आता त्या फोनमध्ये खरोखर फक्त गिऱ्हाईकांचे कॉल आहेत. तुमचा शब्द मी खरा करून आणला. यापुढं तुमचा आवाज ऐकावासा वाटला तर मला घुंगरांचे भाव ऐकत बसावं लागेल. ही शिक्षा मला झाली आहे, तुम्हाला नाही. समजतंय का तुम्हाला?

एक सांगाल? माझं बोलणं तुम्ही परत कधी ऐकायचात का? कारखान्यात एकटे असताना? की नुसतंच साठत गेलं आणि तुम्हाला आठवणही नव्हती? ऐकायचं होतं तर मला माडीवरून खाली बोलवायचं होतंत. मी आले असते.

फोन मी उद्या भाऊजींना परत देणार आहे. धंदा त्यांनाच बघायचा आहे आणि फोन अडवून मला काही मिळवायचं नाही. पण हातात देण्याआधी त्यांनी माझी माफी मागायची, ज्या कारागिरांसमोर ते वाजवलं त्यांच्यासमोर. हे मी त्यांना समोर उभी राहून सांगणार आहे. आईंच्या मार्फत नाही, फोनवर तर नाहीच. आवाज कापेल. कापू दे. शब्द घशात अडकला तर तो सुटेपर्यंत मी तिथून हलणार नाही. हे मी तुम्हाला वचन देते, आणि मी दिलेला शब्द पाळते.

नळाला पाणी आलंय. आई शेजारी गेल्या आहेत, घरात मी एकटीच आहे. उठते, हंडा लावते.

सुजाता