बोर्डाच्या दिवशीचा ताप

२ फेब्रुवारी, सोमवार

समर्थसुद्धा नाही म्हणाला! आज दिवसभर नुसते नकार गोळा केले. कुणाचा गुडघा धरलाय, कुणाच्या चुलतभावाचं लग्न. एक शहाणा तर म्हणतो, "उस्ताद, मला बक्षिसाचा मोह नाही." आणि कालच लंगरमध्ये तिसऱ्यांदा खीर मागताना पकडला होता त्याला!

सकाळी सुभेदार नानासाहेबांनी बोलावून चांगलंच झापलं. "ज्ञानेश, उत्कृष्ट जवानाच्या बोर्डाला आपल्या कंपनीतून दोन वर्षं माणूस नाही. बाकीचे सुभेदार मला विचारतात, तुमच्याकडे जवान आहेत की नुसत्या खाटा? सव्वीसला बोर्ड आहे. एक उमेदवार, एक राखीव. नावं आण!"

पोरांना बोर्ड म्हणजे फाशीचं तख्त वाटतं. अरे, टेबलामागे तीन अधिकारी, समोर तुम्ही. गणवेश बघतील, कवायत बघतील, डोळे बांधून रायफल खोलायला-जोडायला लावतील, चार प्रश्न विचारतील. पहिल्याला सीओ साहेबांच्या सहीचं शाबासकीचं कार्ड. बस!

माझा डोळा समर्थ आणि गणराजवर आहे. दोघे बडी. भरती होऊन आल्यापासून जोडी लावून दिलेली — एकाचं पाणी संपलं की दुसऱ्याची बाटली. दोघेही अग्निवीर, चौथं वर्ष. पुढे कोण फौजेत राहणार आणि कोण घरी जाणार ते ठरायचंय. कार्ड असलं तर पारडं थोडं तरी झुकेल. एवढं कळतं, तरी नाही म्हणतात. भित्रे कुठले!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज खेळ संपल्यावर पोरांना चहा पाजला आणि माझी ती ठरलेली गोष्ट सांगितली. अनिता म्हणते, ही गोष्ट आता आपल्या क्वार्टरच्या भिंतींनाही पाठ झाली असेल.

मी आणि रणजीत बडी. कवायत, निशाणा, बोलणं — सगळ्यात तो माझ्या पुढे. उमेदवार तोच, मी राखीव. आणि ऐन बोर्डाच्या सकाळी गडी ब्लँकेट डोक्यावरून घेऊन कण्हतोय! ताप! लंगरमधल्या कांद्याच्या वासानेसुद्धा मळमळतंय म्हणाला. मग काय, राखीव पुढे. घाबरून मी आत शिरताच तीनदा सलाम ठोकला. तरी कार्ड आणलं! पुढे मी नाईक झालो, हवालदार झालो. रणजीत मुदत संपताच चाकणला शेतीवर गेला.

"तर पोरांनो, माझ्यासारखा घाबरट राखीव जिंकतो, तर तुम्हाला काय धाड भरलीय?"

सगळे खो खो हसले. समर्थ तेवढा हसला नाही. मागे थांबून बारीकसारीक विचारत बसला. उमेदवार आजारी पडला तर राखीवाला लगेच घेतात का? कोण ठरवतं? ताप किती लागतो?

पोरगं मनावर घेतंय बहुतेक. शाबास ज्ञानेश!

७ फेब्रुवारी, शनिवार

मिळाली नावं! आधी समर्थ आला, "उस्ताद, गणराज जात असेल तर मी राखीव राहतो." थोड्या वेळाने गणराज, कोकणी हेल काढत, "समर्थाला उमेदवार करा ओ, मी आहे ना राखीव." दोघांनाही मागे उभं राहायचंय. भीती, दुसरं काय! पण पाणी तरी लागलं. नानासाहेबांना सांगितलं, उमेदवार कोण ते चाचणी घेऊन ठरवू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी. हसावं की रडावं!

समर्थ डोळे बांधून रायफल इतकी सफाईने जोडतो की बघत राहावं. आज जोडून उभा राहिला आणि स्प्रिंग हातातच! गणराज रोज रात्री सामान्य ज्ञानाचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतो. महाराष्ट्राची राजधानी विचारली तर म्हणाला, "सातारा." समर्थने ते ऐकलं आणि सलाम डाव्या हाताने केला. त्यावर गणराजने 'दाहिने मुड'ला डावीकडे वळून दाखवलं.

नानासाहेबांच्या मिशा थरथरत होत्या. "हे तुझे हिरे?"

शेवटी एका गुणाने समर्थ उमेदवार, गणराज राखीव. समर्थचं तोंड असं उतरलं, जणू शिक्षा झालीय. गणराज मात्र खूश. मला या पिढीचं काही कळत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज बोर्ड आमच्या देहूरोडच्या क्वार्टरवर! इस्त्रीचं टेबल मध्ये, मागे अनिता, डोळ्यांवर चष्मा. ती चाकणला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, नव्या मुलींच्या मुलाखती घेते. मला वाटलं होतं गंमत होईल. कसली गंमत! मीच सावधान उभा राहिलो.

"समर्थ, घरी कोण कोण?"

"आई-वडील. थेरगावला. मूळ आम्ही बीडचे. वडील पिंपरीत लेथवर हायेत."

"बोर्डाचं सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"आम्ही तुला का निवडावं?"

पोरगं म्हणालं, "वहिनी, खरं सांगू का, माझ्यापेक्षा गणराजच बरा हाय. त्याच्या मागं दोन बहिणी हायेत. मला काय, थेरगावात कुठंबी काम भेटतंय."

गणराज दारातून ओरडला, "खोटं बोलतोय ओ तो! मीच कमी आहे!"

ते तिथेच भांडायला लागले. अनिताने टेबलावर लाटणं आपटलं तेव्हा थांबले.

जेवायला पिठलं-भाकरी. कांदा रणजीतच्या शेतातला — दर हंगामात न चुकता गोणी आणून टाकतो, एक रुपया घेत नाही. जाताना समर्थ हळूच अनिताला म्हणाला, "वहिनी, एक कांदा नेऊ का?" तिने दोन दिले. भेळ करायची असेल.

ती पोरं गेल्यावर अनिता म्हणाली, "अहो, भीतीबिती काही नाही त्यांना. एकमेकांना वाट करून देतायत."

म्हटलं, फौजेत असलं काही नसतं, तू भाकरी बघ. वर म्हणाली, "भाकऱ्या झाल्यात. तुम्ही पोरं बघा."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी झकास! समर्थचे बूट गणराज चमकवतो, गणराजचे समर्थ. आज नानासाहेब लांबून बघून गेले, काही बोलले नाहीत. न बोलणं ही त्यांची पसंती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काय दिवस!

सकाळी गणवेश बघायला बराकीत गेलो तर समर्थची खाट रिकामी. गणराज कावराबावरा. "उस्ताद, तो एमआय रूमला गेलाय. ताप आहे म्हणतोय." धावत दवाखान्यात पोहोचलो. समर्थ खुर्चीत अंग चोरून बसलेला, कण्हतोय. नर्सिंग असिस्टंट थर्मामीटर उजेडात धरून बघतोय आणि गालात हसतोय. आणि खोलीभर वास!

"हात वर कर," मी म्हणालो.

"उस्ताद, ताप—"

"हात वर!"

टप्पकन कांदा खाली पडला. घरंगळत माझ्या बुटापाशी आला.

काखेत कांदा! शाळा चुकवायला पोरं करतात ते! आधी मी असा ओरडलो की बाहेरचे रुग्ण सावधान झाले असतील. मग हसू फुटलं, आवरेना. समर्थ मात्र रडायला लागला. "उस्ताद, तुम्हीच सांगितलं होतं ना, उमेदवार आजारी पडला की राखीव जातो. त्याला जाऊ द्या. त्याला नोकरी पाहिजे."

मी खाली बसलो त्याच्यासमोर. म्हणालो, "गाढवा, तू असं हरून दिलेलं कार्ड त्याला आयुष्यभर पचेल का? कळलं तर?"

मानगूट धरून आणला. कांदा खिशात घातला, पुरावा म्हणून. नानासाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं आता दोघांचीही कातडी सोलतील. ते कांद्यासकट आम्हाला घेऊन तडक बोर्डाच्या मेजर मॅडमकडे गेले. मॅडमनी कांदा टेबलावर ठेवायला लावला! म्हणाल्या, एका कंपनीचा उमेदवार आलेला नाही, जागा रिकामी आहे, राखीवालाही उभं करा. आणि दोघांना ताकीद — मुद्दाम चुकलात तर दोघेही बाद.

मग जे लढलेत! समर्थची रायफल जोडून झाली तेव्हा बाकीचे अर्ध्यावर होते. गणराजला मॅडमनी जे विचारलं त्याचं उत्तर आलं, वर दोन गोष्टी जास्तीच्या.

गणराज पहिला! समर्थ दुसरा, फक्त दोन गुणांनी! कार्ड गणराजला मिळालं, पण उड्या समर्थच मारत होता. त्याचंही नाव सीओ साहेबांनी सगळ्यांसमोर घेतलं. गणराज मला म्हणतो, "उस्ताद, कांदा फुकट गेला ओ." नानासाहेब चक्क हसले. मिशांखाली दात आहेत हे कंपनीला आज कळलं.

फार फार आनंद झालाय. आनंद म्हणजे आनंद!

२८ फेब्रुवारी, शनिवार

दाढी करता करता हात थांबला. रणजीतच्या तापाच्या दिवशी कंपनीची मेजवानी होती. लंगरमध्ये पहाटेपासून पुरी-हलवा चालला होता. मग कांद्याचा वास कुठून आला?

तसाच साबणाच्या तोंडाने फोन लावला. "रणजीत, त्या दिवशी तुला ताप किती होता रे?"

बराच वेळ नुसता हसत होता. मग म्हणाला, "आज इचारतूस व्हय! आरं, माझ्यामागं शेत हुतं, राव. तुझ्यामागं काय हुतं?"

माझं तेव्हाचं कार्ड भिंतीवरून उतरवून पिशवीत घातलंय. अनिता आवरतेय. चाकणला निघालो.