कोनाड्यातला कप

मुरगूड, रविवार

प्रिय क्रांती,

आपली ठसे घ्यायची पावडर जमली! ही बातमी आधी, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. गुऱ्हाळावरची उसाची चिपाडं बंद डब्यात भाजून काळी केली, कुटली, जुन्या ओढणीतून पुन्हापुन्हा चाळली. आई म्हणाली, "कोल्हापुरात शिकून पोरगी शेवटी राखच चाळाय लागली की!" लॅबमधल्या विकतच्या पावडरीनं तुला खोकल्याची उबळ यायची ना, तसलं काही हिच्यानं होत नाही.

मग घरभर ठसे घ्यायचा सपाटाच लावला. दादाचा मोबाईल, कपाटाचं दार, स्वयंपाकघरातले सगळे कप. कपांवर नुसती जत्रा: आईच्या अंगठ्यावर आबांचं बोट, त्यावर दादाचं. एक ठसा सुटा मिळेल तर शपथ. म्हणून परसात गेले. न्हाणीशेजारच्या कोनाड्यात निळ्या फुलाचा पांढरा कप पालथा होता. ब्रश फिरवला आणि अंगठा असा उमटला की मी ओरडलेच. मधोमध विळा लागल्याची तिरकी खूण. वर्षभर भिंगाखाली पाहिलेला तुझा अंगठा मी ओळखणार नाही होय? अख्ख्या कपावर तुझीच बोटं, दुसऱ्या कुणाचंही नाही. मी इतकी मठ्ठ, की आनंदानं फोटो काढून आपल्या लॅबच्या सरांना पाठवला आणि मग आईला विचारलं, हा कप इथं का?

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "क्रांतीचा हाय त्यो. येगळा ठिवलाय. मी तिला कधी काय बोलले न्हाय. तीच धुऊन ठेवती की तिथं. शहाणी हाय पोरगी."

तू बौद्ध, आम्ही मराठा, हे आपल्या दोघींत कधी आलंच नाही, असं मी सगळ्यांना मिरवून सांगायचे. पण तुझा चहा दर वेळी आईच का आणायची? चहा झाला की तू हात धुवायला म्हणून परसात का जायचीस? मला कधी प्रश्नच पडला नाही. तुला मात्र सगळं कळत होतं. तरी येत राहिलीस, वर आईच्या चहाचं कौतुकही करत राहिलीस. मला लाज वाटते, क्रांती. आईची वाटते, त्याहून माझी वाटते. त्या दिवशी मी खूप भांडले, कप धुऊन आत मांडणीवर ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा कोनाड्यात होता.

सरांना तो फोटो फार आवडलाय. कॉलेजच्या प्रदर्शनात आपल्या पावडरीच्या फलकावर मधोमध तोच लावायचा म्हणतात, खाली आपल्या दोघींची नावं. आणि नमुना कुठून घेतला, तेही एका ओळीत हवंय. मी 'घरगुती कप' असं लिहून टाकलं आणि लगेच खोडलं. अंगठा तुझा आहे. नको म्हणालीस तर फोटो मागे घेते, सरांना काय सांगायचं ते मी बघेन. लावायचा असेल तर ती ओळ तू सांग. आमच्या घराचं नाव घालून सांगितलीस, तरी तशीच लिहीन.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
निशिगंधा